रूपाची यादी आणि पार्वतीची निवड

‘कुमारसंभवा’च्या पहिल्या सर्गात कालिदास पार्वतीचे रूप चरणांपासून केशांपर्यंत पंधराहून अधिक श्लोकांत न्याहाळतो. देवतेचे वर्णन चरणांपासून करावे, हा संकेतच. परंतु या भक्तिक्रमातून फिरते ती पुरुषाचीच दृष्टी. ‘रघुवंशा’तील दिलीपाची रुंद छाती, वृषभस्कंध आणि दीर्घ बाहू मात्र एकाच श्लोकात आटोपतात, तेही क्षात्रकर्माला साजेसे म्हणून. स्त्रीला पुरुषात काय भावते, हा प्रश्न तेथे उद्भवतच नाही. तो उद्भवतो ‘कुमारसंभवा’च्याच पाचव्या सर्गात. स्वतःच्या रूपाला दूषण देऊन तपाला बसलेल्या पार्वतीपुढे बटू शिवाचे विरूप नेत्र, अज्ञात जन्म, दारिद्र्य यांची यादीच वाचतो. ती आक्षेप खोडते खरी. पण अखेरीस वादच पुरे करून, मन तेथे जडले आहे, एवढेच सांगते. नखशिखवर्णनाच्या परंपरेने हे उत्तर फारसे मनावर घेतलेले दिसत नाही.