साडेतीन मिलिमीटरच्या छिद्राची गच्छंती

७ सप्टेंबर २०१६ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे अ‍ॅपल कंपनीने आपला आयफोन ७ जगापुढे मांडला. या फोनमधे हेडफोनची पिन खोचण्याचे गोल छिद्र नव्हते. ते का काढून टाकले, हे सांगताना कंपनीचे विपणनप्रमुख फिल शिलर यांनी एक शब्द वापरला : धैर्य. पुढे जाण्याचे, सर्वांच्या भल्यासाठी काही नवे करण्याचे धैर्य. या शब्दाची तेव्हा पुष्कळ थट्टा झाली. थट्टा करणे सोपे असते. आम्हांला मात्र वाटते, की हा शब्द आणि त्याच्या मागेपुढे दिली गेलेली कारणे यांची नीट तपासणी व्हायला हवी. विज्ञान शिकवणाऱ्यांनी तर ती अवश्य करावी, कारण ‘हे जुने झाले, म्हणून टाकून द्यायचे’ हा युक्तिवाद आपल्याला वारंवार ऐकावा लागतो, आणि तो दर वेळी विज्ञानाच्याच नावाने केला जातो.

छिद्रामागचे विज्ञान

या पिनेचे मूळ एकोणिसाव्या शतकातील टेलिफोन केंद्रात आहे. १८७८ साली अमेरिकेत व्यापारी टेलिफोन केंद्रे सुरू झाली. तेथे फळ्यासमोर बसलेला चालक एका ग्राहकाची तार दुसऱ्याच्या तारेशी हाताने जोडून देई. त्या कामासाठी पाव इंच, म्हणजे ६.३५ मि.मी. जाडीची पिन रूढ झाली. ती आजही गिटार व ध्वनिवर्धकांसाठी वापरली जाते. ट्रान्झिस्टर रेडिओ आल्यावर तिची साडेतीन मि.मी.ची धाकटी बहीण आली, आणि १९७९ साली सोनीच्या वॉकमनने तिला घरोघर पोचवले. त्या पहिल्या वॉकमनला अशी दोन छिद्रे होती. दोघांनी मिळून ऐकावे, ही त्यामागची कल्पना.

पिनेची रचना पाहा. टोक डाव्या कानासाठी, मधले कडे उजव्या कानासाठी, आणि मागची लांब बाही दोघांसाठी सामाईक परतीची वाट. पुढे मायक्रोफोनसाठी आणखी एक कडे आले. छिद्राच्या आतल्या स्प्रिंगसारख्या पट्ट्या या भागांवर दाबून बसतात. पिन गोल असल्यामुळे ती उलटसुलट घालण्याचा प्रश्न येत नाही आणि ती आत फिरली तरी संपर्क तुटत नाही.

या वाटेने जाते ते काय? फोनमधे गाणे आकड्यांच्या रूपात साठवलेले असते. एक मंडल त्या आकड्यांचे कमीजास्त होणाऱ्या विद्युत्दाबात रूपांतर करते आणि दुसरे तो दाब वाढवते. तारेतून जाणारा प्रवाह इअरफोनमधल्या चिमुकल्या वेटोळ्यात शिरतो. वेटोळे चुंबकाजवळ असल्यामुळे ते मागेपुढे हलते, त्याला जोडलेला पडदा हवा ढकलतो, आणि आपल्याला आवाज ऐकू येतो. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. आपला कान आकडे ऐकत नाही. त्याला हवेचा दाबच लागतो. म्हणून छिद्र काढले तरी रूपांतर करणारे मंडल नाहीसे होत नाही. ते फक्त फोनमधून उठून इअरफोनमधे किंवा जोडतारेमधे जाऊन बसते. ते पुन्हा विकत घ्यावे लागते, हा त्यातला फरक.

कारणांची तपासणी

पहिले कारण वयाचे. ‘शंभराहून अधिक वर्षे जुने तंत्र’ हे दोष म्हणून सांगितले गेले. पण वय हा दोषाचा पुरावा नाही. चाक, स्क्रू, सुई ही सगळी याहून कितीतरी जुनी आहेत. याच कंपनीने १९९८ साली आपल्या आयमॅक संगणकातून फ्लॉपी काढली, तेव्हाही ओरड झाली होती. पण फ्लॉपीत १.४४ मेगाबाइट मजकूर मावे, तर सीडीत साडेसहाशे. फ्लॉपीचे काम अधिक चांगले करणारी साधने समोर होती. म्हणून प्रश्न असा विचारायचा, की जुन्या वस्तूची सगळी कामे नवी वस्तू तितकीच चांगली करते काय? या कसोटीवर छिद्राचे काय होते, ते पुढे पाहू.

दुसरे कारण जागेचे. हे कारण खोटे नाही. आयफोन ७ ची लांबी १३८.३, रुंदी ६७.१ आणि जाडी ७.१ मि.मी. होती. विद्यार्थ्यांना गुणाकार करू द्यावा : आकारमान सुमारे ६६ घन सें.मी. येते. छिद्राची खोली साधारण १४ मि.मी. असते. बाहेरच्या कवचासह ते अर्ध्या घन सें.मी.च्या आसपास जागा घेते असे धरले, तर हा हिस्सा पाऊण टक्का होतो. अर्थात फोनच्या काठाजवळची जागा फार मोलाची असते, तेव्हा नुसत्या टक्केवारीवर निकाल देणे बरोबर नाही. या फोनची बॅटरीही आधीच्या ६ एस पेक्षा मोठी होती : १७१५ ऐवजी १९६० मिलिअँपिअर-तास. म्हणजे काहीतरी पदरात पडले, हे मान्य करू. पण छिद्रामुळे फोन बारीक करता येत नाही, हे म्हणणे मात्र टिकत नाही. २०१४ सालचा व्हिवो कंपनीचा एक्स ५ मॅक्स हा फोन ४.७५ मि.मी. जाडीचा होता आणि त्याला हे छिद्र होते. त्याच वर्षी ओप्पोच्या आर ५ मधून ते काढले गेले, तो ४.८५ मि.मी. जाडीचा होता. छिद्र नसलेला फोन अधिक जाड निघाला!

तिसरे कारण पाण्याचे. छिद्र म्हणजे पाणी शिरण्याची वाट, हे कोणालाही पटेल. आयफोन ७ ला आयपी ६७ हा दर्जा होता. म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकण्याची चाचणी. पण त्याच वर्षी मार्चमधे आलेल्या सॅमसंगच्या गॅलॅक्सी एस ७ ला आयपी ६८ हा वरचा दर्जा होता, आणि त्यात हे छिद्र जागच्या जागी होते. अंगचेच बूच असलेले छिद्र करता येते. त्याला थोडी मेहनत पडते, इतकेच.

म्हणजे तिन्ही कारणांत थोडे तथ्य आहे. पण त्यांतले एकही ‘दुसरा मार्गच नव्हता’ असे सिद्ध करत नाही. सोनीच्या २०१९ च्या एक्सपीरिया १ मधे छिद्र नव्हते, आणि २०२० च्या पुढच्या आवृत्तीत, पाण्याचा दर्जा राखून, कंपनीने ते परत आणले. हा निवडीचा प्रश्न होता. निवडीला निसर्गनियमाचा वेष चढवणे, ही आमची मुख्य तक्रार आहे.

हिशेबाची दुसरी बाजू

बिनतारी इअरफोनचे गुण नाकारण्याचे कारण नाही. तार अडकत नाही, गुंता होत नाही, धावताना वा स्वयंपाक करताना सोय होते. छिद्र असलेल्या फोनवरही ते चालत होतेच. प्रश्न आहे तो पर्याय काढून घेण्याचा.

काय गमावले ते पाहू. ब्लूटूथने आवाज पाठवताना तो आधी आकुंचित करावा लागतो, तुकड्या-तुकड्यांनी सोडावा लागतो आणि पलीकडे उलगडावा लागतो. यात साधारणपणे एक-दोन दशांश सेकंद जातात. १५० मिलिसेकंद उशीर म्हणजे सुमारे ५० मीटर दूर उभ्या माणसाची टाळी ऐकण्यासारखे. चित्रपट पाहताना फोन चित्रही तितकेच थांबवतो, म्हणून फरक जाणवत नाही. पण फोनवर तबल्याचे किंवा पेटीचे अ‍ॅप वाजवून पाहा. मिनिटाला २४० मात्रांची द्रुत लय असेल, तर एक मात्रा २५० मिलिसेकंदांची. अर्ध्या मात्रेहून अधिक उशिरा ऐकू येणारा ठेका कोणाच्या कामाचा? तारेत हा उशीर जवळजवळ शून्य असतो.

दुसरी हानी रेडिओची. ज्या फोनांत एफएमची सोय असते, त्यांत इअरफोनची तार हीच अँटेना असते. १०० मेगाहर्ट्झला तरंगलांबी ३ मीटर, तिचा चौथा भाग ७५ सें.मी.; मीटरभर लांबीची तार या कामाला बरी पडते. इंटरनेट बंद पडले तरी ही सोय चालते. भारत सरकारने एप्रिल २०२३ मधे फोन उत्पादकांना एफएमची सोय बंद न ठेवण्याविषयी सूचना केली, तेव्हा आपत्तीच्या काळातला तिचा उपयोगही सांगितला होता. बिनतारी इअरफोनला ही तारच नसते.

तिसरी गोष्ट आयुष्याची. तारेच्या इअरफोनमधे बॅटरी नसते, म्हणून ती संपतही नाही. बिनतारी जोडीत तीन बॅटऱ्या असतात : दोन कानांच्या आणि एक डबीची. लिथियम-आयन घट काही शे वेळा भारित केल्यावर क्षीण होऊ लागतो, आणि कानातला घट चिमुकला असल्याने तो वारंवार भारावा लागतो. डिसेंबर २०१६ मधे अ‍ॅपलचे एअरपॉड बाजारात आले, तेव्हा वस्तू खोलून तपासणाऱ्या आयफिक्सिट या संस्थेने दुरुस्तीसाठी त्यांना दहापैकी शून्य गुण दिले. सगळे सरसाने चिकटवलेले असल्यामुळे घट बदलायचा तर वस्तू मोडावी लागते. २०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातल्या चौथ्या हिश्शाहून कमी कचऱ्याचे नोंदलेले पुनश्चक्रीकरण झाले, असे संयुक्त राष्ट्रांशी संबंधित २०२४ चा अहवाल सांगतो. इअरफोन वजनाने किरकोळ असतील. पण टिकाऊ वस्तूच्या जागी मुदतीची वस्तू आणणे ही दिशा किरकोळ नव्हे. घट ग्राहकाला बदलता यावेत, असा नियम युरोपीय संघाने केला आहे, आणि त्यासाठी १८ फेब्रुवारी २०२७ ही तारीख ठरवली आहे.

मग लाभ कोणाचा? आयफोन ७ आणि १५९ डॉलरचे एअरपॉड यांची घोषणा एकाच व्यासपीठावर, एकाच दिवशी झाली. जुना इअरफोन जोडण्यासाठी दिलेली छोटी तार प्रथम डब्यात फुकट होती. २०१८ च्या फोनांपासून ती ९ डॉलरला वेगळी घ्यावी लागली. २०२० मधे डब्यातला इअरफोनही गेला. गूगलने ऑक्टोबर २०१६ मधे आपल्या पिक्सेलच्या जाहिरातीत या प्रकरणावरून चिमटा काढला, आणि वर्षभरात पिक्सेल २ मधून छिद्र काढून त्याच दिवशी स्वतःचे बिनतारी इअरफोन मांडले. थट्टेत सामील झालेल्या सॅमसंगनेही ऑगस्ट २०१९ मधे नोट १० मधून ते काढले. टिकाऊपणासाठी नावाजलेल्या फेअरफोनने २०२१ मधे तेच केले, आणि सोबत इअरफोन विकायला ठेवले. एकामागून एक घडलेल्या दोन गोष्टींत कार्यकारणभाव असतोच असे नाही, हे आपण वर्गात शिकवतो. पण छिद्र जाते तेथे विक्रीला इअरफोन येतो, हा क्रम इतक्या वेळा दिसल्यावर प्रश्न विचारणे भागच आहे.

यावर असे म्हटले जाईल, की लोकांनी हे फोन आनंदाने घेतले, मग तक्रार कसली? परंतु फोन घेताना माणूस कॅमेरा, बॅटरी, किंमत अशा वीस गोष्टी एकत्र घेतो. छिद्रासाठी वेगळे मत देण्याची सोय दुकानात नसते.

उघडे दार

आम्हांला सर्वांत मोठी हानी वाटते ती आणखी वेगळी. हे छिद्र कोणा एका कंपनीच्या मालकीचे नव्हते. त्यात काय जोडावे, यासाठी कोणाची परवानगी लागत नसे. २०१० च्या सुमारास अमेरिकेत स्क्वेअर कंपनीने या छिद्रात बसणारे एक लहानसे यंत्र काढले. बँकेच्या कार्डाची चुंबकीय पट्टी त्यातून ओढली, की निर्माण होणारे विद्युत्स्पंद मायक्रोफोनच्या वाटेने ‘आवाज’ म्हणून फोनमधे जात आणि फोन ते वाचे. ऐकण्यासाठी केलेल्या दारातून दुकानदाराचा गल्ला आत आला! हे दार अगदी निर्दोष होते, असेही नाही. मायक्रोफोनच्या जोडणीच्या दोन परस्परविरुद्ध पद्धती बरीच वर्षे नांदत होत्या. तरी नुसता आवाज ऐकायला कोणतीही पिन कोठेही चाले.

त्याच्या जागी आलेल्या यूएसबी-सी मधे बाहेरचा आकार एक, पण आतला करार दोन प्रकारचा आहे. काही फोन त्यातून तयार विद्युत्दाब देतात, काही फक्त आकडे देतात. त्यामुळे एका फोनवर चालणारी साधी जोडतार दुसऱ्यावर मुकी राहते. भोक सारखे असणे म्हणजे मानक सारखे असणे नव्हे, याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

वर्गात काय करता येईल

निकामी झालेला तारेचा इअरफोन फेकू नये. मल्टिमीटरचे एक टोक पिनेच्या टोकाला आणि दुसरे बाहीला लावा; वेटोळे शाबूत असेल तर बहुधा १६ ते ३२ ओहम रोध दिसेल. दीड व्होल्टचा घट क्षणभर त्याच दोन जागी टेकवा (इअरफोन कानात न घालता). ‘टक्’ असा आवाज येईल. संगणकाच्या मायक्रोफोनच्या छिद्रात तो घालून त्यात बोला. तोच इअरफोन क्षीण का होईना, मायक्रोफोन बनेल. प्रवाहाने हालचाल आणि हालचालीने प्रवाह, हे फॅरडेचे सारे प्रकरण त्या एका वस्तूत आहे. नंतर बंद पडलेला बिनतारी इअरफोन शेजारी ठेवा. तो खोलू मात्र नका, आतला लिथियम घट फुटला तर पेट घेऊ शकतो. दोन्ही वस्तूंबद्दल विद्यार्थ्यांना विचारा : यातले काय आपल्याला तपासता आले, काय दुरुस्त करता आले, आणि कशासाठी पुन्हा दुकानात जावे लागेल?

हे छिद्र अजून पुष्कळ स्वस्त फोनांत आहे. महागड्या फोनांत ते परत येईल, अशी आशा आम्ही बाळगत नाही. पण उद्या आणखी काही ‘जुने’ म्हणून काढले जाईल. तेव्हा आपल्या विद्यार्थ्याने तीन प्रश्न विचारावेत : जुन्याची कोणती कामे नव्याला जमत नाहीत? दिलेले कारण मोजून पाहिले आहे काय? आणि बदलाचा खर्च कोण सोसतो, लाभ कोण घेतो? हे प्रश्न विचारायला फार मोठे धैर्य लागत नाही. पट्टी, मल्टिमीटर आणि थोडी चिकाटी पुरते.