आकृतीत हरवलेले हेड

फोर-स्ट्रोक इंजिनाची आकृती आपल्यापैकी अनेकांनी फळ्यावर काढली असेल. उभे नळकांडे, आत वरखाली होणारा दट्ट्या, वर दोन झडपा आणि मधे ठिणगीचा प्लग. चूषण, संपीडन, शक्ती, निष्कासन. मुले ही चार नावे चटकन पाठ करतात आणि परीक्षेत आकृती नीटनेटकी काढतात. आकृती ढोबळ असायला हरकत नाही. हरकत अशी की तिच्यात दट्ट्या नायक असतो आणि सिलिंडरचे हेड म्हणजे नुसते झाकण, एक आडवी रेघ. इंजिनाची ताकद कशावर ठरते, असे विचारले की ही आकृती गप्प बसते. मुलांना तर तोच प्रश्न पडलेला असतो. हेड शेव्ह केले, पोर्ट घासले की गाडी कशी पळते, याच्या गप्पा शाळेच्या फाटकाबाहेर चालतात. धड्याशी त्यांचा संबंध कोणी जोडून देत नाही.

वर्गात विचारून पाहा. ‘जास्त पेट्रोल टाकले की जास्त ताकद’ असे उत्तर हमखास येईल. पण १ ग्रॅम पेट्रोल पुरते जळायला जवळजवळ १५ ग्रॅम हवा लागते. लिटरच्या भाषेत सांगायचे तर १ लिटर पेट्रोलला सुमारे ९ हजार लिटर हवा! पेट्रोल वाढवणे सोपे आहे, अडते ते हवेपाशी. मिनिटाला ६००० फेरे घेणाऱ्या इंजिनात अर्ध्या फेऱ्याला सेकंदाचा दोनशेवा भाग मिळतो. तेवढ्यात सिलिंडर भरायचा, तोही झडपेभोवतीच्या फटीतून.

ही फट म्हणजे भूमितीचा सुंदर प्रश्न आहे, आणि आकृती तो वाया घालवते. झडपेचा व्यास d आणि ती उचलली जाते ती उंची h धरा. फटीचे क्षेत्रफळ πdh, खालच्या भोकाचे πd²/४. दोन्ही समान होतात तेव्हा h = d/४. म्हणजे व्यासाच्या चौथ्या भागापलीकडे झडप कितीही उचला, ढोबळ मानाने फायदा नाही. आता भोकच अडवते. मग झडप मोठी करा किंवा झडपांची संख्या वाढवा. एका सिलिंडरला चार झडपा का देतात, याचे उत्तर बरेचसे इथे आहे.

मग भोक आणि पोर्ट घासून रुंद केले की काम झाले? तसेही नाही. आकृतीत दट्ट्या तळाला पोचताच आत घेणारी झडप मिटते. प्रत्यक्षात ती त्यानंतरही काही काळ उघडी ठेवलेली असते, कारण वेगाने येणारी हवा जडत्वामुळे आत घुसतच राहते. पोर्ट फार रुंद केला तर कमी फेऱ्यांवर हवेचा वेग पडतो आणि हा फायदा जातो. ‘मोठे ते चांगले’ मानून घासलेली गाडी मोकळ्या रस्त्यावर भरधाव जाते आणि शहराच्या गर्दीत मरगळते. ‘इतकी अश्वशक्ती वाढली’ असे कोणी म्हणाले, तर ती किती फेऱ्यांवर मोजली, हे विचारायला मुलांना शिकवले पाहिजे.

आकृतीखालच्या मजकुराबद्दल माझी तक्रार अधिक गंभीर आहे. तिथे किंवा आपल्या तोंडी ‘स्फोट’ हा शब्द येतो. ठिणगी पडल्यावर स्फोट होत नाही. ज्योत मिश्रणातून पसरत जाते. ती पोचण्याआधीच कोपऱ्यातले तापलेले, दाबलेले मिश्रण आपोआप पेटले तर मात्र धक्का बसतो आणि खडखड आवाज येतो. मेकॅनिक त्याला ‘नॉकिंग’ म्हणतात. इंजिनाचा शत्रू तोच.

इंग्लंडचे हॅरी रिकार्डो (१८८५–१९७४) यांचे काम या संदर्भात सांगण्याजोगे आहे. (हावडा स्टेशनच्या इमारतीचे वास्तुशिल्पी हॅल्सी रिकार्डो हे त्यांचे वडील.) पहिल्या महायुद्धानंतर पुष्कळ स्वस्त मोटारींत झडपा सिलिंडरच्या शेजारी असत. त्यामुळे ज्वलनाची जागा पसरट होई, ज्योत रेंगाळे, नॉकिंग लवकर सुरू होई. रिकार्डोंनी हेडची पोकळी मुख्यतः झडपांवर सरकवली आणि दट्ट्यावरचा भाग जवळजवळ सपाट ठेवला. दट्ट्या वर येताच तिथले मिश्रण पिचकारीसारखे पोकळीत ढकलले जाई, घुसळण होई, ज्योत झपाट्याने पसरे. सपाट भागात उरलेला पातळ थर गार धातूला लागून असल्याने सहसा आपोआप पेटत नसे. झडपा होत्या तिथेच राहिल्या, बदलला तो फक्त झाकणाचा आकार. तरीही दाब वाढवता आला आणि ताकद वाढली. हे सारे आपण एका आडव्या रेघेत बसवतो.

आता हेड शेव्ह करण्याचे पाहू. ५० मिमी व्यास आणि तेवढीच दट्ट्याची धाव असलेला सिलिंडर घ्या. आकारमान सुमारे ९८ घन सेंमी. संपीडन गुणोत्तर ९ असेल तर दट्ट्या वर असताना उरलेली जागा सुमारे १२.३ घन सेंमी. पोकळी सिलिंडरभर पसरलेली मानून हेड अर्धा मिमी घासले, तर जागा ११.३ होते आणि गुणोत्तर ९.७. आदर्श चक्राच्या सूत्राने, म्हणजे १ − १/r^०.४ ने, कार्यक्षमता ५८.५ टक्क्यांवरून ५९.७ वर जाते. मूळच्या मानाने जेमतेम २ टक्के वाढ. त्याबदल्यात नॉकिंग जवळ येते, आणि झडप व दट्ट्या यांच्यातले अंतर अर्ध्या मिमीने घटते. ते मुळातच कमी असेल तर दोन्ही एकमेकांवर आपटतात. दोन टक्क्यांसाठी किती पैसे आणि काय धोका, हा हिशेब मुलांनीच मांडावा.

त्यासाठी गॅरेजमधून भंगारातले एखादे हेड मागून आणा. झडपा आणि प्लग जागेवर बसवून ते उलटे, सपाट ठेवा. भोक पाडलेली ॲक्रिलिकची पट्टी ग्रीस लावून वर चिकटवा आणि इंजेक्शनच्या सिरिंजने पाणी सोडून पोकळीचे आकारमान मोजा. पट्टीखाली बुडबुडा राहू देऊ नका.