असल आणि नक्कल

चरणजित सिंग यांनी १९८२ साली मुंबईत रोलँड कंपनीची टीबी-३०३, टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८ ही वाद्ये घेऊन डिस्को ठेक्यावर दहा राग ध्वनिमुद्रित केले. आज या वाद्यांच्या संगणकीय प्रतिकृती मिळतात. मूळ वाद्याचा स्वर तापमानाबरोबर किंचित हलतो. प्रतिकृतीत ते हलणेही हिशेबाने घालावे लागते. म्हणून जाणकार तिला नक्कल म्हणून हिणवतात. पण ३०३ तरी अस्सल कुठे होते? बास गिटारची जागा घ्यायला ते १९८१ मध्ये आले. नक्कल साधली नाही, १९८४ मध्ये उत्पादन थांबले. सिंग यांनी मात्र त्याचे घसरते स्वर रागांच्या साथीला बसवले. प्रतिकृती तर होतकरू मुलांनाही परवडते. तिला एवढेच विचारावे : हुबेहूबपणा राहू दे, तुझ्यातून नवे काय निघाले?