आंतरजाल-धोरणाच्या चर्चेतील महाराष्ट्राचा शेतकरी : एक चिकित्सा

प्रस्तावना

आंतरजालाचे नियमन कोणी व कोणत्या तत्त्वावर करावे, हा प्रश्न भारतात दीर्घकाळ तंत्रज्ञ आणि विधिज्ञ यांच्यापुरता मर्यादित होता. २०१५ मध्ये तो सर्वसामान्यांच्या चर्चेत आला. फेसबुकने रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या साहाय्याने त्या वर्षीच्या फेब्रुवारीत सुरू केलेली आणि पुढे ‘फ्री बेसिक्स’ या नावाने ओळखली गेलेली योजना त्यास निमित्त ठरली. ठरावीक संकेतस्थळे ग्राहकास विनामूल्य पाहता यावीत, उर्वरित आंतरजालासाठी मात्र नेहमीचे शुल्क पडावे, असे तिचे स्वरूप होते. दूरसंचार कंपनीने आशय पाहून दरात भेद करावा काय, या प्रश्नावर भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने (ट्राय) ९ डिसेंबर २०१५ रोजी चर्चापत्र काढले आणि ८ फेब्रुवारी २०१६ च्या विनियमांनी अशा भेदास मनाई केली. या वादाच्या कायदेशीर बाजूवर पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु त्या वादात महाराष्ट्राच्या शेतकऱ्यास साक्षीदार म्हणून उभे करण्यात आले होते. त्या साक्षीची चिकित्सा एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

उदाहरणातील तीन दावे

२८ डिसेंबर २०१५ रोजी ‘टाइम्स ऑफ इंडिया’त मार्क झुकरबर्ग यांचा या योजनेचे समर्थन करणारा लेख प्रसिद्ध झाला. त्यात महाराष्ट्रातील एका शेतकऱ्याची हकिकत येते. त्याचे केवळ पहिले नाव दिले आहे. गाव, तालुका, जमीन, पीक यांचा उल्लेख नाही. तो विनामूल्य सेवेवर हवामान पाहून पावसाळ्याची तयारी करतो, बाजारभाव पाहून चांगला सौदा करतो आणि नवी पिके व जनावरे यांत पैसा गुंतवू लागतो. या शेतकऱ्याची शेती सुधारली तर आंतरजालाचे काय बिघडते, असा लेखकाचा सवाल आहे. सवाल चतुर आहे. योजनेस विरोध करणे म्हणजे गरीब शेतकऱ्याच्या पोटावर पाय देणे होय, हा अर्थ वाचकाने आपणहून काढावा अशी त्याची रचना आहे.

हवामान, भाव आणि पीकबदल या तिन्ही बाबींची तपासणी महाराष्ट्रातच आधी झाली होती. ‘रॉयटर्स मार्केट लाइट’ ही लघुसंदेश सेवा २००७ पासून राज्यातील शेतकऱ्यांना भाव, हवामान व पीकसल्ला भ्रमणध्वनीवर पुरवीत असे. मार्सेल फाफशां आणि बार्ट मिन्टेन या अर्थशास्त्रज्ञांनी महाराष्ट्रातील १०० गावांत तिचा प्रयोगात्मक अभ्यास केला व तो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. अभ्यासलेल्या पिकांत कांदा आणि डाळिंब ही सोलापूर जिल्ह्याची दोन्ही पिके होती. सेवा मिळालेल्या शेतकऱ्यांना सरासरीने अधिक भाव मिळाला नाही, पावसाने होणारे नुकसान घटले नाही, आणि वाण किंवा लागवडीची पद्धत बदलण्याचे प्रमाणही लक्षणीयरीत्या वाढले नाही. माल कोठे विकावा व त्याची प्रतवारी कशी करावी, यांवर थोडाफार परिणाम दिसला, तोही अल्प. लघुसंदेश आणि आंतरजाल ही माध्यमे भिन्न आहेत, हे मान्य करावयास हवे. तथापि पोहोचविलेली माहिती त्याच जातीची होती. ज्या लेखाने नेमके हेच तीन लाभ एका माणसाच्या हकिकतीवर उभे केले, त्याच्या वाचकास हा निष्कर्ष कळणे अगत्याचे होते.

सोलापूरच्या वाचकास या निष्कर्षाचे नवल वाटू नये. कांद्याची गाडी बाजार समितीच्या आवारात उतरली की भाव ठाऊक असण्याला फारसा अर्थ उरत नाही. खरिपाचा लाल कांदा टिकत नाही, परत नेण्याचे भाडे परवडत नाही, आणि ज्या आडत्याकडून हंगामापूर्वी उचल घेतली त्याला डावलून दुसरीकडे जाणे सोपे नसते. फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शी तालुक्यातील एका शेतकऱ्याने सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा किलोस १ रुपया दराने विकला. हमाली, तोलाई व वाहतूक वजा जाता त्याच्या नावे २ रुपये ४९ पैसे निघाले आणि हाती धनादेश पडला तो २ रुपयांचा. तोवर भ्रमणध्वनीवरील आंतरजाल स्वस्त झाले होते आणि त्यावर कंपनीचे कुंपणही नव्हते.

याहून जुना दाखला वारणेचा आहे. १९९८ मध्ये वारणा खोऱ्यातील कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांच्या ७० गावांसाठी संगणक केंद्रांचा प्रकल्प हाती घेण्यात आला. जगाचे ज्ञान खेड्यात यावे, अशी त्यामागील कल्पना होती. प्रत्यक्षात शेतकरी केंद्रावर जात तो मुख्यतः साखर कारखान्याशी असलेल्या व्यवहारासाठी, म्हणजे आपल्या उसाचे वजन किती भरले हे पाहण्यासाठी. पुढे काही गावांत संगणकाऐवजी साध्या भ्रमणध्वनीवरील लघुसंदेशाने हेच काम करून पाहण्यात आले आणि ते भागले. शेतकऱ्यास माहिती नको होती असे नव्हे. त्याला आपल्याच मालाची, आपल्याच संस्थेकडची माहिती हवी होती.

ग्रंथालयाची उपमा

याच लेखात योजनेची तुलना ग्रंथालयाशी केली आहे. ग्रंथालयात सर्व पुस्तके नसतात, तरी ते उपकारक असते, असा युक्तिवाद आहे. उपमा आकर्षक आहे, पण ती मोक्याच्या जागी लंगडते. सोलापूरच्या हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या सार्वजनिक ग्रंथालयात अमुक पुस्तक का नाही, असे सभासद कार्यकारिणीस विचारू शकतो. वाचक कोणते पान किती वेळ वाचतो, याची नोंद दुसऱ्या गावी बसलेल्या मालकाकडे जात नाही. टीकेनंतर मे २०१५ मध्ये फेसबुकने हे व्यासपीठ अटी पाळणाऱ्या सर्वांना खुले केले, हे नोंदविले पाहिजे. परंतु अटी फेसबुकच्याच होत्या आणि वाहतूकही त्याच्याच यंत्रणेतून जाणार होती.

विरोधी बाजू

विरोधकांची बाजू कायद्याच्या दृष्टीने अधिक भक्कम होती आणि निर्णयही योग्यच झाला. तरी त्यांच्या लेखनातील शेतकरी हाही बहुधा अनुमानाचाच आहे. एकीकडे तो कृतज्ञ लाभार्थी, दुसरीकडे भिंतीआड कोंडला जाणारा कैदी. त्यांच्या युक्तिवादाचे खरे नायक नवउद्योजक होते. दोन्ही पक्षांनी तयार मजकुराची पत्रे लाखोंनी ट्रायकडे पाठविली. फेसबुकच्या पत्रांत तर चर्चापत्रातील चार प्रश्नांची उत्तरेच नव्हती, आणि ट्रायने त्याबद्दल कंपनीस सुनावले. योजनेची पाने मराठीत उपलब्ध होती. ज्या चर्चापत्रावर तिचे भवितव्य ठरणार होते ते मात्र इंग्रजीत मांडलेले होते.

युरोपात याच सुमारास, नोव्हेंबर २०१५ मध्ये, खुल्या आंतरजालाविषयीचा विनियम संमत झाला. तो संघाच्या सर्व २४ अधिकृत भाषांत सारखाच प्रमाण आहे. त्याच्या मार्गदर्शक सूचनांवर २०१६ मध्ये ४ लाख ८० हजारांहून अधिक अभिप्राय आले. त्यांतही मोहिमेतून आलेले पुष्कळ होते, तेव्हा युरोपास आदर्श मानण्याचे कारण नाही. शिवाय विनामूल्य संकेतस्थळांच्या प्रश्नावर त्या विनियमाने स्पष्ट उत्तर टाळले आणि ते २०२१ मध्ये न्यायालयास द्यावे लागले. भारताचा नियम त्याहून स्वच्छ होता. पण पोर्तुगीज किंवा एस्टोनियन शेतकऱ्यास विनियम आपल्या भाषेत वाचता येतो, हा फरक उरतोच.

पर्यावरण परिणाम मूल्यांकनाच्या मसुद्याचे आठव्या अनुसूचीतील सर्व भाषांत भाषांतर करावे, असा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने ३० जून २०२० रोजी दिला होता. त्यानंतर वर्षभराने, जून २०२१ मध्ये, केंद्रीय कृषी मंत्रालयाने शेतीच्या डिजिटल व्यवस्थेविषयीचे चर्चापत्र काढले, ते पुन्हा इंग्रजीत. त्या व्यवस्थेतून निघालेला शेतकरी ओळख क्रमांक महाराष्ट्रात २०२५ पासून कृषी विभागाच्या योजनांच्या लाभासाठी बंधनकारक झाला असून तो आधार आणि जमिनीच्या अभिलेखाशी जोडलेला आहे. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये संमतीची सूचना मराठीत मागण्याची सोय आहे. मात्र त्याच अधिनियमाच्या कलम ७ अन्वये अनुदान वा लाभ देताना, शासनाकडील अधिसूचित नोंदींत आधीच असलेली विदा नव्याने संमती न घेताही वापरता येते.