मॉयनिहन अहवाल : कुटुंबाचा दोष की व्यवस्थेचा?

अमेरिकेच्या श्रम खात्याचे तत्कालीन सहायक सचिव डॅनियल पॅट्रिक मॉयनिहन यांनी १९६५ साली नीग्रो कुटुंबाविषयी एक अहवाल सिद्ध केला. गुलामगिरी व बेकारी यांनी या कुटुंबाची वाताहत केली, हे त्यांनी मान्य केले आहे. तथापि तरुणांच्या अधोगतीचे केंद्र त्यांनी विस्कटलेल्या, स्त्रीप्रधान कुटुंबातच शोधले. हा गाभा आम्हांस सदोष वाटतो.

पहिला आक्षेप इतिहासाचा. हर्बर्ट गटमन यांनी १९७६ च्या ग्रंथात दाखवून दिले की, मुक्तीनंतरच्या दशकांत बहुसंख्य कृष्णवर्णीय कुटुंबांत माता व पिता दोघेही होते. कॅरल स्टॅक यांनी १९७४ साली गरीब वस्तीतील आप्तस्वकीयांचे मुले वाढविणारे जाळे नोंदविले. मॉयनिहन यांस जी विकृती दिसली, ती पुष्कळदा जगण्याची रीत होती.

दुसरा आक्षेप कार्यकारणभावाचा. सिगालोवाद सुत्तात आईबापांची पाच कर्तव्ये आहेत. यथाकाल वारसा सोपविणे हे त्यांपैकी एक. परंतु १९३० च्या दशकापासून सरकारी यंत्रणेने कृष्णवर्णीयांच्या वस्त्या धोक्याच्या ठरवून तेथील गृहकर्जास हमी नाकारली. घरच नाही, तर पित्याने कोणता वारसा द्यावा? १९८६ च्या कायद्याने ५ ग्रॅम क्रॅकला ५०० ग्रॅम कोकेन पावडरीइतकीच, किमान पाच वर्षांची शिक्षा ठरविली. तिचा मारा मुख्यतः कृष्णवर्णीयांवर झाला. २०१० साली ही तफावत घटली, मिटली नाही. पित्यास तुरुंगात धाडावयाचे आणि घरात पिता नाही म्हणून कुटुंबास बोल लावावयाचा, हा कोणता न्याय?

चक्कवत्तिसीहनाद सुत्तातील क्रम स्पष्ट आहे. निर्धनांस धन न दिल्याने दारिद्र्य, दारिद्र्यातून चोरी, चोरीतून शस्त्र व हिंसा. तथागत आरंभ राज्यकर्त्याच्या कसुरीपासून करतात, घरापासून नव्हे.

तरीही कुटुंब सर्वस्वी निर्दोष, असे आम्ही म्हणत नाही. टा-नेहिसी कोट्स यांनी २०१५ साली पुत्रास उद्देशून लिहिलेल्या पत्ररूप ग्रंथात बाल्टिमोरमधील आपल्या बापाचा मार वर्णिला आहे. मूल पोलिसांच्या हाती पडेल, ही धास्ती त्या मारामागे होती. भय बाहेरचे, पण वळ घरातच उमटतो. ही साखळी पाहणे म्हणजेच प्रतीत्यसमुत्पादाची दृष्टी होय.

आमच्या वस्त्यांतील मुलगा शाळा सोडतो, तेव्हा ‘घरी संस्कार नाहीत’ हा निवाडा आम्हीही ऐकत आलो आहोत. बाबासाहेबांनी १९४६ साली डू बॉइस यांस पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतील साम्य नोंदविले होते. ते साम्य या निवाड्यातही आहे. म्हणून घरास शीलाचा उपदेश करण्यापूर्वी घराभोवतीची व्यवस्था तपासणे, हे अभ्यासकाचे पहिले कर्तव्य होय.