'आम्ही'कडून 'मी'कडे : कर्टिस मेफिल्ड यांच्या सोल गीतांतील निवेदक आणि सामाजिक जाणीव

कृष्णवर्णीय अमेरिकनांचे साहित्य मराठी वाचकाला अपरिचित नाही. १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नावच अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले. जनार्दन वाघमारे यांच्यासारख्या अभ्यासकांनी निग्रो साहित्याची साक्षेपी ओळख मराठीला करून दिली. या देवाणघेवाणीत कविता आली, आत्मकथन आले, कादंबरीही आली. गीत मात्र काहीसे मागे राहिले. वास्तविक, गुलामगिरीच्या काळात दक्षिणेतील अनेक राज्यांनी ज्यांना लिहावाचायला शिकवणे हाच गुन्हा ठरविला होता, त्या समाजाच्या चिंतनाचा मोठा भाग गाण्यातच साठलेला असणार, हे उघड आहे. शिकागोचे गायक, गीतकार आणि गिटारवादक कर्टिस मेफिल्ड (१९४२–१९९९) यांचा विचार या दृष्टीने व्हावयास हवा.

मेफिल्ड यांच्या कारकिर्दीचे सामान्यतः दोन भाग पाडले जातात. १९६० च्या दशकातील 'द इम्प्रेशन्स' या गायकवृंदाबरोबरची गीते म्हणजे नागरी हक्क चळवळीची नैतिक वाणी; आणि १९७२ नंतरची चित्रपटगीते म्हणजे बाजाराशी केलेली तडजोड. ही विभागणी सोयीची आहे. परंतु गीतात बोलतो कोण, आणि कोणाशी, हा प्रश्न विचारला की ती डळमळू लागते.

मेफिल्ड यांची घडण प्रार्थनास्थळात झाली. त्यांची आजी एका छोट्या चर्चची धर्मोपदेशक होती. तेथेच नॉर्दर्न ज्युबिली गॉस्पेल सिंगर्समध्ये जेरी बटलर यांच्यासह ते गाऊ लागले. कॅब्रिनी-ग्रीन या सरकारी गृहवसाहतीतील दारिद्र्य त्यांनी जवळून पाहिले. गिटार ते स्वतःच शिकले आणि तिच्या तारा त्यांनी पियानोच्या काळ्या पट्ट्यांच्या स्वरांत लावल्या. ही स्वरजुळणी त्यांनी अखेरपर्यंत सोडली नाही. त्यांच्या वादनातील वेगळेपणाचे मूळ बरेचसे येथे आहे. गायनात ते उंच, कृत्रिम तारस्वराचा आश्रय घेत. हा आवाज हुकूम सोडणाऱ्याचा नाही, आर्जव करणाऱ्याचा आहे. पुढे त्यांनी जे कठोर बोलायचे ते याच मृदू आवाजात बोलले, ही बाब ध्यानात ठेवावी लागते.

'कीप ऑन पुशिंग' (१९६४), 'पीपल गेट रेडी' (१९६५) आणि 'वी आर अ विनर' (१९६७) या गीतांमागचा आवाज समूहाचा आहे. तो गॉस्पेलमधून आलेला, उपासकांच्या समूहाचा 'आम्ही' आहे. 'पीपल गेट रेडी'मधील आगगाडीची प्रतिमा कृष्णवर्णीयांच्या जुन्या भक्तिगीतांतली. परलोकीच्या मुक्तीबरोबरच दक्षिणेतून उत्तरेकडे पळून जाणाऱ्या गुलामांच्या गुप्त मार्गाचे सूचनही त्या परंपरेत होते. मेफिल्ड यांनी तिला समकालीन अर्थ दिला, परंतु भाषा धर्माचीच ठेवली. त्यामुळे हे गीत चर्चमध्ये जितके सहज गायले गेले तितकेच मोर्चातही. 'वी आर अ विनर'मध्ये मात्र धर्माचे आवरण जवळजवळ गळून पडते आणि वांशिक स्वाभिमान उघडपणे बोलू लागतो. काही नभोवाणी केंद्रांना ते रुचले नाही. तरीही १९६८ च्या प्रारंभी ते कृष्णवर्णीय संगीताच्या यादीत अग्रस्थानी पोहोचले.

एप्रिल १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. डिसेंबर १९६९ मध्ये शिकागो पोलिसांच्या छाप्यात ब्लॅक पँथरचा तरुण नेता फ्रेड हॅम्प्टन मारला गेला. समूहाचा तो निःशंक 'आम्ही' यानंतर टिकणे कठीण होते. १९७० मध्ये इम्प्रेशन्स सोडून मेफिल्ड यांनी 'कर्टिस' ही ध्वनिमुद्रिका काढली. तिच्या पहिल्याच गीतात वेगवेगळ्या वंशांच्या लोकांना, काहींना अपशब्दांनीही, हाक मारून, खाली नरक असलाच तर आपण सारेच तेथे जाणार आहोत, असे बजावले आहे. येथेही 'आपण' आहे. मात्र तो विजयी समूहाचा राहिलेला नाही, आरोपींच्या पिंजऱ्यातला आहे आणि गायक त्यातून स्वतःला वगळत नाही.

या पार्श्वभूमीवर 'सुपर फ्लाय' (१९७२) पाहावा लागतो. गॉर्डन पार्क्स ज्युनियर दिग्दर्शित या चित्रपटाचा नायक प्रीस्ट हा कोकेनचा व्यापारी आहे. एक शेवटचा मोठा सौदा करून त्याला या धंद्यातून बाहेर पडायचे आहे. त्याचे उंची कपडे, मोटार आणि ऐट कॅमेरा इतक्या प्रेमाने टिपतो की चित्रपटावर गुन्हेगारीच्या उदात्तीकरणाचा आरोप झाला आणि कृष्णवर्णीयांच्या संघटनांनीच त्याविरुद्ध आवाज उठविला. तो आरोप निराधार नव्हता. स्वतः मेफिल्ड यांनाही चित्रपट कोकेनच्या जाहिरातीसारखा वाटला होता. तरीही त्यांनी काम नाकारले नाही. त्यांनी चित्रपटाच्या आतच त्याचे खंडन लिहिले.

'पुशरमॅन' या गीतात अमली पदार्थ विकणारा प्रथमपुरुषी बोलतो. ग्राहकाच्या आयुष्यातील जिव्हाळ्याच्या सर्व नात्यांची जागा तो स्वतःकडे घेतो: आई तोच, बाप तोच, वैद्यही तोच. या गीताची प्रशंसा बहुधा त्यातील वास्तवदर्शनासाठी केली जाते. ती अपुरी आहे. अनाथाची आई, पोरक्याचा बाप, आजाऱ्याचा वैद्य ही गॉस्पेल परंपरेत ईश्वराला लावली जाणारी विशेषणे होत. विठ्ठलाला मायबाप म्हणणाऱ्या परंपरेतील वाचकाला हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. आजीच्या चर्चमध्ये ऐकलेली स्तुतीची चौकट मेफिल्ड जशीच्या तशी उचलतात आणि तिच्यात देवाच्या जागी कोकेनविक्रेत्याला बसवतात. वस्तीत देवाची जागा आता कोणी घेतली आहे, हे सांगण्यासाठी त्यांना निषेधाचा एक शब्दही वापरावा लागत नाही. निषेध त्या चौकटीतच आहे.

'फ्रेडीज डेड' हे गीत त्याहून धीट म्हणावे लागेल. फ्रेडी हे चित्रपटातील दुय्यम पात्र. इतरांच्या सांगण्यावरून वागणारा, पोलिसांच्या तावडीत सापडलेला आणि मोटारीखाली मरणारा सामान्य माणूस. कथा त्याला मागे टाकून प्रीस्टबरोबर पुढे जाते. मेफिल्ड मात्र पूर्ण शोकगीत फ्रेडीलाच अर्पण करतात. चित्रपटात या गीताची केवळ वाद्यधून ऐकू येते, शब्द येतच नाहीत. पण गीत चित्रपटाच्या आधीच नभोवाणीवरून घराघरांत पोहोचले होते. त्यामुळे नायकाची ऐट पाहणाऱ्या कित्येक प्रेक्षकांच्या कानांत फ्रेडीचा मृत्यू आधीपासूनच असणार. जॉनी पेट यांच्या वाद्यवृंदरचनेतील तंतुवाद्यांचा करुण स्वर आणि खालचा ठाम ठेका यांतील ताण या शोकाला भाबडेपणापासून वाचवतो.

अर्थात, एक प्रश्न उरतोच. हा ठेका मोहक आहे. तो ऐकणारा प्रत्येक जण उपरोधापर्यंत पोहोचतो असे नाही, आणि पुष्कळांनी 'पुशरमॅन' हे विक्रेत्याचे गौरवगीत म्हणूनच ऐकले असणार. चार आठवडे ही ध्वनिमुद्रिका अमेरिकेतील सर्वाधिक खपाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर होती. एवढा खप केवळ टीकेला मिळत नाही. ज्या झगमगाटाचे खंडन करायचे त्याचेच सौंदर्य उसने घेणारी कला हा धोका पत्करते. मेफिल्ड यांनी तो जाणूनबुजून पत्करला असे त्यांच्या पुढील कृतींवरून दिसते. मात्र धोका होता, हे त्यांच्या चाहत्यांनीही मान्य करावे.

गीतांच्या स्वामित्वहक्काबाबत ते आरंभापासून जागरूक होते. ऐन विशीत त्यांनी स्वतःची प्रकाशनसंस्था उभी केली आणि १९६८ मध्ये एडी थॉमस यांच्यासह कर्टम ही ध्वनिमुद्रण कंपनी काढली. ज्या व्यवसायात कृष्णवर्णीय कलावंत आपल्याच गीतांचे हक्क कवडीमोलाने गमावत, तेथे ही कृती कोणत्याही गीताइतकीच राजकीय होती.

'देअर्स नो प्लेस लाइक अमेरिका टुडे' (१९७५) या ध्वनिमुद्रिकेत झगमगाट उरलेला नाही. तिचे मुखपृष्ठ मार्गारेट बर्क-व्हाइट यांच्या १९३७ मधील प्रसिद्ध छायाचित्रावर आधारलेले आहे: सुखी गोऱ्या कुटुंबाच्या जाहिरातफलकाखाली रांगेत उभे असलेले कृष्णवर्णीय पूरग्रस्त. संगीतही तितकेच कोरडे, विरळ. खप बेताचाच झाला. तिची योग्यता 'सुपर फ्लाय'हून कमी नाही.

१३ ऑगस्ट १९९० रोजी ब्रुकलिनमध्ये खुल्या मैदानावरील कार्यक्रमात दिव्यांचा सांगाडा अंगावर कोसळून मेफिल्ड मानेखाली कायमचे लुळे झाले. गिटार संपली. 'न्यू वर्ल्ड ऑर्डर' (१९९६) त्यांनी पाठीवर पडून, श्वास पुरेल तेवढ्याच ओळी एका वेळी गाऊन ध्वनिमुद्रित केली. २६ डिसेंबर १९९९ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांचा वारसा रॅप संगीताने घेतला, पण सारखा नव्हे. आइस-टी यांनी १९८८ मध्ये 'पुशरमॅन'चाच आधार घेऊन असा विक्रेता उभा केला की जो ग्राहकाला अमली पदार्थ नाकारतो आणि संगीत देऊ करतो. मेफिल्ड यांचा उपरोध त्यांना नेमका उमगला होता. कान्ये वेस्ट यांच्या 'टच द स्काय' (२००५) मध्ये 'मूव्ह ऑन अप'ची शिंगवाद्ये मंद करून वापरली आहेत. मूळ गीत दुसऱ्याला, एका लहान मुलाला, धीर देणारे होते. नव्या गीतात ती वाद्ये एकट्या गायकाच्या यशाची कहाणी सांगतात.

ज्या कृतीकडे मात्र अनुयायांचे आणि समीक्षकांचे लक्ष फारसे गेलेले नाही, ती म्हणजे 'क्लॉडिन' (१९७४) या चित्रपटासाठी ग्लॅडिस नाइट अँड द पिप्स यांच्याकरिता लिहिलेली गीते. हार्लेममध्ये सरकारी मदतीवर सहा मुले वाढविणारी एकटी स्त्री ही या चित्रपटाची नायिका आहे. घरात पुरुष असल्याचे दिसले तर मदत धोक्यात येते, म्हणून अधिकारी घरी आला की प्रियकराला आणि घरातल्या चांगल्या वस्तूंनाही लपवावे लागते. 'मिस्टर वेल्फेअर मॅन'मध्ये ही स्त्री त्या व्यवस्थेला थेट उद्देशून बोलते. येथे निवेदक 'मी'च आहे. पण तो मेफिल्ड यांचा नाही, पुरुषाचाही नाही. 'सुपर फ्लाय'मधील स्त्रिया नायकाच्या ऐटीचा भाग म्हणून येतात. दोन वर्षांच्या आत त्याच लेखणीने, ती ऐट जिला कधीच परवडणार नव्हती अशा स्त्रीला बोलते केले, आणि ते गाण्यासाठी आवाजही दुसऱ्याचा निवडला.