‘नैसर्गिक’ सुगंध आणि घरातले मांजर

खोलीत सुवास पसरवणाऱ्या कुप्यांवर हल्ली दोन शब्द शेजारी शेजारी छापलेले दिसतात: ‘नैसर्गिक’ आणि ‘सुरक्षित’. पहिल्यावरून दुसरा आपोआप सिद्ध होतो असे ग्राहकाला वाटावे, अशी ही मांडणी. घरात मांजर असेल तर हा तर्क किती लंगडा आहे ते चटकन कळते. म्हणून वर्गात चर्चेला हे उदाहरण घ्यावे असे आम्ही सुचवतो.

लवंगेच्या तेलातले युजेनॉल, ओव्यातले थायमॉल ही फिनॉल गटातील द्रव्ये. त्यांच्या नैसर्गिकपणाबद्दल वाद नाही. आपल्या यकृतात अशा रेणूंना ग्लुक्युरॉनिक आम्ल जोडले जाते, मग ते पाण्यात सहज विरघळतात आणि लघवीवाटे बाहेर पडतात. हे जोडकाम करणाऱ्या विकरांपैकी एकाचे (यूजीटी१ए६) जनुक मांजरात निकामी झालेले आहे, हे कोर्ट आणि ग्रीनब्लाट यांनी २००० साली दाखवले. आपण तापावर घेतो ती पॅरासिटॅमॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते, त्यामागचे एक मोठे कारण हेच. मार्जारकुळातील इतर जातींतही हाच बिघाड असल्याचे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. निव्वळ मांसावर जगणाऱ्यांना वनस्पतींतल्या विषांशी फारसा सामना करावा लागत नाही, म्हणून हे जनुक बिघडले तरी अडले नसावे, असा एक तर्क आहे.

दुसरी गोष्ट मांजराच्या सवयीची. यंत्रातून उडणारे तेलाचे तुषार केसांवर बसतात आणि मांजर अंग चाटते. म्हणजे जे हवेत सोडले ते पोटात जाते.

याउलट, सुवासाच्या नुसत्या झुळुकीने मांजर दगावते असे सांगत फिरणारेही मात्रेचा विचार करत नाहीत. १९९८ मध्ये नोंदलेल्या प्रकरणात तीन मांजरांच्या अंगावर पिसवांसाठी ‘टी ट्री’चे तेल न मिसळता लावले होते, त्यांतले एक मेले. खोलीतल्या वासाशी याची तुलना होत नाही. (या तेलातला मुख्य घटक फिनॉल नसून अल्कोहोल आहे, तेव्हा सगळा दोष एकाच जनुकावर टाकूनही चालणार नाही.)

खरा धोका आहे तो सांडणाऱ्या दाट तेलाचा. काड्या खोचलेली कुपी मांजराच्या पंजाला सहज लवंडते, ती बंद कपाटातच बरी. फवारा मारायचाच तर मांजर बाहेर असताना, खिडकी उघडून. त्याच्या अंथरुणावर तर कधीच नाही. लाळ गळणे, झोकांड्या जाणे, तोंडाने धापा टाकणे यांपैकी काही दिसले तर लगेच पशुवैद्याकडे न्यावे, आणि सोबत कुपीही न्यावी. मात्र तीवर घटकांची नावे नि प्रमाण छापलेले असेलच असे नाही. पुष्कळदा नुसते ‘सुगंधी द्रव्ये’ एवढेच असते.